सॉफ्टवेअरमधील मराठी लेखनाचा सूर

सॉफ्टवेअरमधील लेखनाचा सूर म्हणजे एखाद्या संगणकीय उत्पादनातील कळा, सूचना, प्रश्न, चूक-संदेश, मदतपाने आणि लघुसंदेश यांतून वाचकाला सातत्याने जाणवणारी बोलण्याची एकच धाटणी होय. व्यवसायाच्या परिभाषेत तिला ‘ब्रँड व्हॉइस’ असे म्हणतात. ही धाटणी संवादी असावी, म्हणजे समोरच्या माणसाशी थेट, सोप्या आणि सौजन्याच्या शब्दांत बोलणारी असावी, असा आग्रह एकविसाव्या शतकात वाढत गेला. मराठीत हा प्रश्न केवळ शब्दांच्या भाषांतराचा राहत नाही. संबोधन, आदरार्थ, लिंग, विभक्ती, परिभाषा आणि बोली या सर्व बाबतींत निर्णय घ्यावे लागतात. शासकीय सेवा, बँकव्यवहार आणि शेतीच्या नोंदी मोबाइल फोनवर आल्यापासून या निर्णयांचे परिणाम सामान्य माणसाच्या हक्कांपर्यंत आणि पैशापर्यंत पोहोचतात.

सूर आणि छटा

या विषयात ‘सूर’ आणि ‘छटा’ असा भेद केला जातो. सूर हा उत्पादनाचा स्थायी स्वभाव असतो. छटा प्रसंगानुसार बदलते. मनमिळाऊ माणूस लग्नघरी आणि शोकप्रसंगी निरनिराळ्या रीतीने बोलतो, तरी माणूस तोच असतो. त्याचप्रमाणे उत्पादनाचा सूर स्नेहाचा असला, तरी पैसे अडकल्याचा संदेश हलक्याफुलक्या शब्दांत देणे अनुचित ठरते.

छटेचे मोजमाप करण्यासाठी नीलसन नॉर्मन ग्रुप या संस्थेने २०१६ मध्ये चार कसोट्या मांडल्या: विनोदी की गंभीर, औपचारिक की अनौपचारिक, आदरयुक्त की बेमुर्वत, आणि उत्साही की वस्तुनिष्ठ. मेलचिंप या कंपनीने आपली लेखनशैली-पुस्तिका सर्वांसाठी खुली केली असून ती इतरांनाही वापरता येते. ब्रिटनमध्ये २०११ मध्ये स्थापन झालेल्या गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिसने शासकीय संकेतस्थळासाठी सोप्या भाषेचा आग्रह धरला. मायक्रोसॉफ्टने निरनिराळ्या भाषांसाठी स्वतंत्र शैली-मार्गदर्शिका प्रसिद्ध केल्या असून त्यांत मराठीचा समावेश आहे.

मराठीतील पूर्वपरंपरा

नात्यानुसार आणि प्रसंगानुसार लेखनाची रीत ठरवून देण्याची परंपरा मराठीला नवी नाही. यादवकाळातील हेमाद्रीच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या ‘मेस्तकां’त पत्रातील मायन्यांचे संकेत आढळतात. वडीलधाऱ्यांस ‘तीर्थरूप’, धाकट्यांस ‘चिरंजीव’ आणि इतरांस ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ असे लिहिण्याची पद्धत शालेय पत्रलेखनातून अनेक पिढ्यांनी गिरवली. कोणाशी कोणत्या शब्दांत बोलावे, हे लिहिण्यापूर्वीच निश्चित असे.

परिभाषेच्या एकवाक्यतेचा प्रयत्नही जुना आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी सिद्ध केलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने प्रशासनात मराठीला स्थान दिले. संचालनालयाने ‘शासन व्यवहार कोश’ आणि अनेक परिभाषाकोश तयार केले. त्यामुळे कार्यालयीन मराठीला शिस्त लाभली. पण त्याबरोबर ‘करण्यात यावे’, ‘निदर्शनास आणून देण्यात येते’ अशी कर्मणी आणि लांब वाक्यरचनाही रूढ झाली. पुढे संगणकीय मराठीला ही रचना वारशाने मिळाली.

संगणकावरील मराठीकरण

पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) १९८८ मध्ये स्थापन झाले. त्याच्या जिस्ट तंत्रज्ञानामुळे भारतीय लिप्या संगणकावर वापरणे सुलभ झाले. नंतर युनिकोडमुळे निरनिराळ्या यंत्रांवर एकच देवनागरी मजकूर वाचता येऊ लागला. मराठीला आवश्यक असलेले ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ मधील युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत आले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाद्वारे मराठी वर्णमाला आणि जोडाक्षरांची प्रमाणित रूपे निश्चित केली.

मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात ग्नोम, फायरफॉक्स आदी उत्पादनांचे मराठीकरण स्वयंसेवकांनी केले. एकाच इंग्लिश शब्दाला प्रत्येक प्रकल्पात वेगळा पर्याय दिला जात असल्याने वापरणाऱ्याचा गोंधळ होई. त्यावर उपाय म्हणून २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्युएल’ प्रकल्पाने वारंवार येणाऱ्या शब्दांच्या प्रमाणित याद्या भारतीय भाषांसाठी करण्याचे काम हाती घेतले. विंडोजसाठी मराठी भाषा-संच उपलब्ध झाले, तर मोबाइल फोनवरील अँड्रॉइड प्रणालीत २०१४ च्या लॉलीपॉप आवृत्तीपासून मराठीचा अंतर्भाव झाला.

उदाहरण: मराठी विकिपीडिया

मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. त्याच्या आंतरपृष्ठातील मजकुराचे भाषांतर स्वयंसेवक ट्रान्सलेटविकी या सामायिक संकेतस्थळावर करतात. तेथील शब्दनिवड हा मराठी उत्पादन-लेखनाचा बोलका नमुना आहे. सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या जागेला इंग्लिश विकिपीडियावर गावातील पाण्याच्या पंपावरून नाव मिळाले आहे. मराठीत त्याचे शब्दशः भाषांतर न करता ‘चावडी’ हा शब्द योजला गेला. गावाच्या सार्वजनिक कारभाराची आणि बोलाचालीची जागा चावडी असल्याने अर्थ विनासायास कळतो. संपादनाचा सराव करण्याच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हटले आहे. पूर्वी पाटीवर धूळ पसरून तीवर मुले अक्षरे गिरवीत, याची आठवण त्या शब्दात आहे.

याउलट ‘लॉग इन’साठी घडवलेला ‘सनोंद प्रवेश’ हा शब्द अर्थाने अचूक असला, तरी बोलण्यात रुळलेला नाही. ‘फाइल’साठी विकिपीडियावर ‘संचिका’, तर अन्यत्र ‘धारिका’ किंवा ‘फाइल’ असे शब्द आढळतात. यापैकी कोणताही एक शब्द चुकीचा नाही. मात्र एकाच उत्पादनात तिन्ही आले, तर नवख्या वाचकाला त्या तीन भिन्न वस्तू वाटू शकतात.

मराठी सुरासंबंधीचे प्रमुख प्रश्न

संबोधन: ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील निवड हा पहिला निर्णय असतो. अनोळखी प्रौढ व्यक्तीला ‘तू’ म्हणणे मराठीत सहसा अनादराचे मानले जाते. ‘आपण’ अधिक आदराचे असले, तरी त्याचा दुसरा अर्थ ‘तुम्ही आणि आम्ही मिळून’ असा होतो. ‘आपले खाते’ म्हणजे वाचकाचे खाते की संस्थेचे, असा संदेह त्यातून निर्माण होऊ शकतो. ‘तुम्ही’मध्ये आदर राखला जातो आणि संदेहही उरत नाही, संवादी सुरासाठी ते सोयीचे ठरते. एका पानावर ‘तुमचा अर्ज’ आणि दुसऱ्या पानावर ‘आपला अर्ज’ असे लिहिल्यास सूर तुटतो.

आज्ञार्थ: कळेवर ‘जतन करा’ असे लिहावे की ‘जतन करणे’, हा दुसरा प्रश्न. आज्ञार्थी रूप थोडक्यात आणि थेट असते, म्हणून ते अधिक रूढ आहे. मराठी आज्ञार्थाच्या अनेकवचनी रूपातच सौजन्य असल्याने प्रत्येक वाक्याच्या आरंभी ‘कृपया’ लिहिण्याची आवश्यकता नसते. वाचकाला खरोखर तसदी द्यावी लागत असेल, तेथे मात्र तो शब्द शोभतो.

लिंग: सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याचे लिंग क्रियापदात प्रकट होत नाही. ‘त्याने छायाचित्र पाठवले’ आणि ‘तिने छायाचित्र पाठवले’ यांत क्रियापद एकच राहते. अकर्मक क्रियापदात ‘सामील झाला’, ‘सामील झाली’ असा भेद करावा लागतो. आदरार्थी रूपातही ‘झाले’ आणि ‘झाल्या’ असे दोन पर्याय उरतात. ‘इच्छितो’ असे एकच रूप छापले की स्त्रियांना त्या वाक्यात जागा राहत नाही. ‘तुम्ही आलात’, ‘मी सहमत आहे’, ‘मला सदस्य व्हायचे आहे’ अशा रचना दोहोंस चालतात. म्हणून तिरकस रूपांपेक्षा (‘इच्छितो/ते’) त्यांना प्राधान्य दिले जाते.

विभक्ती आणि सामान्यरूप: संगणक बहुधा तयार वाक्यातील रिकाम्या जागी नाव भरतो. इंग्लिशमध्ये नाव बदलत नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय लागताना नामाचे सामान्यरूप होते. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा हे तालुक्याचे गाव घेतल्यास ‘शिंदखेड्याला’, ‘शिंदखेड्याहून’ अशी रूपे होतात. रिकाम्या जागेपुढे नुसता प्रत्यय जोडणारी यंत्रणा ‘शिंदखेडाला’, ‘धुळेहून’ अशी रूपे छापते. अर्थ कळतो, पण मजकूर परक्या माणसाने लिहिल्यासारखा वाटतो. यावर तीन उपाय योजले जातात. पहिला, प्रत्येक नावाचे सामान्यरूप नोंदवून ठेवणे. दुसरा, ‘गाव: शिंदखेडा’ अशी मथळ्याची मांडणी करणे. तिसरा, ‘शिंदखेडा येथून’, ‘पाटील यांना’ अशी रचना करणे. तिसरा उपाय कार्यालयीन मराठीने फार पूर्वीच रूढ केला आहे. त्याने व्याकरण सांभाळले जाते, पण सूर थोडा औपचारिक होतो.

वचन: ‘१ संदेश’ आणि ‘३ संदेश’ यांत नाम बदलत नाही, ‘१ नोंद सापडली’ आणि ‘३ नोंदी सापडल्या’ यांत नाम आणि क्रियापद दोन्ही बदलतात. शून्यासाठी ‘० नोंदी सापडल्या’ यापेक्षा ‘एकही नोंद सापडली नाही’ हे मराठी वळणाचे वाक्य आहे. म्हणून संपूर्ण वाक्याचीच निरनिराळी रूपे साठवावी लागतात. तुकडे जोडून वाक्य तयार करणे मराठीला मानवत नाही.

लेखी आणि बोली रूप: ‘पैसे मिळाले’ हे वाक्य लेखी आणि बोली अशा दोन्ही भाषांत चालते, ‘काम झाले’ आणि ‘काम झालं’ यांत मात्र निवड करावी लागते. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांचा पहिला संच १९६२ मध्ये आला आणि १९७२ मधील भर धरून ते अठरा झाले. औपचारिक लेखनात एकारान्त रूपे आणि संभाषणात अनुस्वारयुक्त रूपे, ही विभागणी मराठी वाचकाच्या सवयीची आहे. संवादी सूर ठेवणारे उत्पादन ‘झालं’ हे रूप स्वीकारू शकते; मात्र मग ते सर्वत्र तसेच राहावे लागते.

शब्दनिवड: ‘पासवर्ड’ लिहावे की ‘संकेतशब्द’, ‘अपलोड करा’ की ‘चढवा’, यावर एकमत नाही. रूढ शब्दांच्या बाजूने सुबोधतेचे कारण दिले जाते, तर नव्या शब्दांच्या बाजूने भाषेच्या वाढीचे. ‘संगणक’ हा शब्द घडवलेलाच होता आणि आज तो शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे, याकडे दुसरा पक्ष लक्ष वेधतो. व्यवहारात वाचक जो शब्द उच्चारतो तो घेणे आणि एकदा घेतलेला शब्द न बदलणे, ही मध्यम वाट स्वीकारली जाते.

सुराचे व्यावहारिक परिणाम

सुराचा प्रश्न केवळ शैलीचा नाही, हे काही प्रसंगांतून स्पष्ट होते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ या मोबाइल ॲपद्वारे शेतकऱ्यांनी आपल्या पिकाची नोंद स्वतः करण्याची पद्धत सुरू झाली. पिकाची नोंद सातबाऱ्यातील गाव नमुना बारामध्ये होते आणि नुकसानभरपाई, पीकविमा किंवा शासकीय खरेदीच्या वेळी ती महत्त्वाची ठरते. शिंदखेडा तालुक्यातील कापूस उत्पादक शेतकऱ्याने शेतात उभे राहून माहिती भरली आणि पडद्यावर ‘प्रक्रिया अपूर्ण’ एवढेच दिसले, तर काय राहिले आणि पुढे काय करायचे हे त्याला कळत नाही. ‘पिकाचे छायाचित्र जोडलेले नाही. ते काढा आणि पुन्हा पाठवा.’ असे वाक्य त्याच्या उपयोगी पडते. उत्तम चूक-संदेशात काय झाले, का झाले आणि आता काय करावे, या तीन गोष्टी याच क्रमाने येतात आणि दोष वाचकाच्या माथी मारला जात नाही.

पैशाच्या व्यवहारात एका क्रियापदानेही हानी होऊ शकते. २०१६ पासून प्रचारात आलेल्या यूपीआय पद्धतीत पैसे देण्यासाठी सहसा पिन लागतो. पैसे मिळण्यासाठी तो लागत नाही. पैशाची मागणी आली आणि वाचकासमोर ‘स्वीकारा’ अशी कळ आली, तर आपल्याला पैसे मिळणार आहेत असा त्याचा समज होऊ शकतो, कारण मराठीत ‘पैसे स्वीकारणे’ म्हणजे घेणे. तेथे ‘₹५०० द्या’ असे लिहिल्यास संदेह राहत नाही.

‘रद्द करा’ या कळेचीही अशीच अडचण आहे. ‘व्यवहार रद्द करायचा आहे का?’ या प्रश्नाखाली ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’ अशा दोन कळा असल्या, तर कोणत्या कळेने व्यवहार रद्द होईल हे सांगता येत नाही. ‘व्यवहार रद्द करा’ आणि ‘परत जा’ अशा कळा तो गोंधळ टाळतात.

सोपेपणाच्या नादात अर्थ बदलणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते. ‘अर्ज प्राप्त झाला’ याचे ‘अर्ज मिळाला’ असे सुलभीकरण योग्य आहे. ‘अर्ज स्वीकारला’ असे केल्यास तो मंजूर झाल्याचा भास होतो. प्राप्त, छाननीत, मंजूर आणि नामंजूर या प्रशासनातील चार स्वतंत्र अवस्था आहेत आणि संवादी भाषेतही त्या स्वतंत्रच राहाव्या लागतात.

प्रमाणभाषा आणि बोली

मराठी आंतरपृष्ठ प्रमाणभाषेत लिहिले जाते. ते वाचणाऱ्या अनेकांची घरची बोली मात्र निराळी असते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांत अहिराणी मोठ्या प्रमाणावर बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या नोंदीखाली सुमारे १८.६ लाख भाषक आढळतात. अहिराणीत ‘आहे’ या अर्थी ‘शे’ असे क्रियारूप आहे. व्याकरण आणि शब्दसंग्रह यांतही तिची वेगळी वैशिष्ट्ये आहेत. अशा वाचकासाठी प्रमाण मराठी ही शाळेत शिकलेली भाषा असते आणि पुणे-मुंबईकडचे बोलण्याचे वळण त्याला ‘संवादी’ वाटेलच असे नाही.

त्यामुळे संवादी मराठी म्हणजे एखाद्या शहराची बोली नव्हे. छोटी वाक्ये, कर्तरी रचना, सर्व भागांत समजणारे शब्द आणि एका वाक्यात एकच सूचना, ही तिची लक्षणे सांगता येतात. वाक्प्रचार, कोट्या आणि चित्रपटातील संवाद यांचा वापर मर्यादित ठेवला जातो, कारण ते सर्वांपर्यंत सारख्या अर्थाने पोहोचत नाहीत. गावांच्या नावांतही दक्षता आवश्यक असते. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा आणि बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा ही भिन्न ठिकाणे असून रोमन लिपीतून लिप्यंतर करताना त्यांचा घोटाळा होण्याचा संभव असतो.

सुसंगती राखण्याची कार्यपद्धती

अनेक लेखक आणि अनुवादक एकाच उत्पादनावर काम करत असल्याने सुसंगती आपोआप येत नाही. त्यासाठी सामान्यतः पुढील साधने वापरली जातात.

शैलीपुस्तिका: संबोधन, क्रियारूपे, अंक, दिनांक आणि शुद्धलेखन यांविषयीचे निर्णय एकत्र नोंदवले जातात. देवनागरी अंक की आंतरराष्ट्रीय अंक, ‘१,००,०००’ की ‘१ लाख’, असे प्रश्न येथे मिटवले जातात. प्रत्येक नियमासोबत ‘असे लिहा’ आणि ‘असे लिहू नका’ अशी उदाहरणे असल्यास पुस्तिका अधिक उपयुक्त ठरते.

शब्दसूची: प्रत्येक संकल्पनेला एकच मराठी शब्द, त्याचे लिंग आणि अनेकवचन यांसह नोंदवला जातो. ‘फाइल’ स्त्रीलिंगी ठरवली की ‘फाइल उघडली’ हे रूप सर्वत्र सारखे राहते.

संदर्भाची नोंद: अनुवादकाला सुटा शब्द मिळाला, तर तो नाम आहे की क्रियापद हे कळत नाही. इंग्लिश ‘ओपन’ या शब्दाचे कळेवर ‘उघडा’, तर दुकानाच्या स्थितीसाठी ‘सुरू आहे’ असे भाषांतर होते. म्हणून प्रत्येक मजकुरासोबत तो पडद्यावर कोठे दिसणार, हे कळवणे आवश्यक मानले जाते.

मोठ्याने वाचन आणि प्रत्यक्ष चाचणी: लिहिलेले वाक्य समोरच्या माणसाला तोंडाने सांगता येते का, ही संवादी सुराची सोपी कसोटी आहे. त्यानंतर खऱ्या वापरणाऱ्यांकडून एखादे काम करवून घेतले जाते आणि ते कोठे थबकतात हे पाहिले जाते. काना-मात्रा कापल्या जात नाहीत आणि ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ यांतील ‘ऱ्य’ नीट उमटतो, हेही या वेळी तपासले जाते.

मूळ मराठी लेखन

अनुवाद कितीही काळजीपूर्वक केला, तरी मूळ वाक्याची घडण त्यात डोकावते. त्यामुळे महत्त्वाचे संदेश अनुवादित न करता थेट मराठीत लिहावेत, असा विचार मांडला जातो. इंग्लिश संदेशात खेदाचा उद्गार आधी आणि माहिती नंतर येते. मराठीत ‘पैसे गेले नाहीत. पुन्हा प्रयत्न करा.’ असे आधी धीर देणारे वाक्य अधिक स्वाभाविक वाटते. यंत्रानुवादाचा प्रसार झाल्याने मराठी मजकुराचे प्रमाण वाढले आहे. पण संबोधनातील सरमिसळ, चुकलेले लिंग आणि अर्धवट सामान्यरूपे हे दोष त्यात आढळतात. मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी मराठी जाणणाऱ्या संपादकाने तो वाचण्याची गरज त्यामुळे टिकून आहे.